सिस्टरांचं चौथं प्रकरण

सिस्टर माणसाच्या तोंडाकडे आधी बघत नसत, हाताकडे बघत. कॉलेजच्या पहिल्या संध्याकाळी सरांनी आम्हाला एकमेकांशी ओळख करून घ्यायला सांगितलं, तेव्हा अंबडच्या एका कंपनीतला सुपरवायझर रुबाबात उभा राहिला. सिस्टरांनी त्याचा उजवा हात पाहिला आणि विचारलं, "आधी ग्राइंडिंगवर होता का तुम्ही?" त्याने पटकन हात खिशात घातला. मग थोड्या वेळाने हसून म्हणाला, "सात वर्षं."

सातपूरच्या ज्या कारखान्यात मी पर्सोनेल खात्यात असिस्टंट होतो, तिथेच सिस्टर प्रथमोपचार खोली सांभाळत. पेठ तालुक्यातल्या कोकणा आदिवासी घरातल्या. आश्रमशाळेत शिकल्या, नर्सिंग केलं, नोकरी करता करता बाहेरून बी.ए. केलं. नव्वदचं दशक संपत आलं तेव्हा आम्ही दोघांनी कामगार कल्याणाच्या पदव्युत्तर वर्गात नाव घातलं. दोन वर्षं, रोज संध्याकाळी सहा ते साडेआठ. मी पिंपळगावच्या द्राक्षवाल्या घरातला, बढतीसाठी शिकत होतो. त्या कशासाठी शिकत होत्या, हे मी पहिलं वर्षभर विचारलंसुद्धा नाही.

वर्गात त्या मला नुसतं 'मोरे' म्हणत. बसमध्ये शेजारी बसून टिपणं मागत, माझं अक्षर वाईट म्हणून बोलत. पण सकाळी कंपनीच्या गेटातून आत पाऊल टाकलं की 'मोरेसाहेब'. एकदा मी म्हटलं, "सिस्टर, हे साहेब कशाला?" त्या म्हणाल्या, "वर्गात आपण बरोबरीचे आहोत. इथं नाही. उगाच खोटं कशाला बोलायचं?"

त्यांच्या खोलीत जखमांचं एक रजिस्टर असे. त्यांच्याआधीच्या कंपाउंडरने कायम कामगारांची नावं नीट लिहिली होती, पण ठेकेदाराच्या माणसांपुढे नुसतं 'पेठवाला' असं लिहिलेलं असायचं. एका दिवसात दोघे आले तर 'पेठवाला एक', 'पेठवाला दोन'. सिस्टरांनी ते बंद केलं. पट्टी बांधताना त्या माणसाशी त्याच्या बोलीत बोलत, बापाचं नाव विचारत, गाव विचारत, कुठल्या मशीनवर होतास आणि तिथे कोणी लावलं तेही विचारत. सगळं लिहून काढत. बाहेर रांग लागली तरी घाई करत नसत. मला म्हणाल्या होत्या, "ज्याला नाव नाही, त्याचा अपघातही होत नाही, मोरेसाहेब."

दुसऱ्या वर्षी प्रबंधाचा विषय ठरवायची वेळ आली. मी सोपा विषय घेतला, कॅन्टीनबद्दल कामगारांचं समाधान. सिस्टरांनी घेतला कामाच्या वाटपाचा. कोणाला कुठलं मशीन मिळतं आणि का. सर वर्गात समान संधीवर फार सुंदर बोलत. सगळं ऐकून सिस्टर म्हणाल्या, "सर, आमच्याकडे समान संधी म्हणजे सगळ्यांना गार्ड असलेलं मशीन." वर्ग हसला. त्या हसल्या नाहीत.

आमच्याकडे पत्रा दाबून कापणारं प्रेस शॉप होतं; त्याच्या मागच्या रांगेत काही जुनी मशिनं होती, ज्यांच्यापुढची संरक्षक जाळी, म्हणजे गार्ड, कधीच काढून टाकलेली होती. जाळी नसली की माल झपाझप निघतो. कायम कामगार त्या मशीनवर बसायला नकार देत आणि युनियन त्यांच्या पाठीशी उभी राही. मग तिथे पेठ-सुरगाण्याची माणसं बसत. असा हुकूम कोणी काढलेला नव्हता. सिस्टरांनी रजिस्टरची तीन वर्षांची पानं मांडून हेच दाखवलं होतं. बोटं गेलेली जवळजवळ सगळी माणसं एकाच रांगेतली आणि एकाच बाजूच्या गावांची. त्यांच्या प्रबंधाचं हे चौथं प्रकरण होतं. त्याचा कच्चा मसुदा त्यांनी मला वाचायला दिला. मी तो वाचला, आणि पुढे जे झालं ते माहीत नव्हतं म्हणून झालं असं म्हणायची सोय मला राहिली नाही.

त्याच महिन्यात काशिनाथ नावाच्या माणसाची दोन बोटं गेली. सिस्टरांनी नेहमीप्रमाणे सगळं लिहिलं आणि या वेळी नोंदीची नक्कल वर्क्स मॅनेजरकडे पाठवली. मॅनेजरांनी मला बोलावून घेतलं. "त्या सिस्टर काहीतरी पुस्तक लिहितायत म्हणे. तुम्ही एकाच वर्गात आहात ना? ते रजिस्टर ऑडिटला लागेल. तुम्ही मागितलंत तर देतील." कसलंही ऑडिट नव्हतं. त्यांना ते माहीत होतं आणि मलाही.

मी खोलीत गेलो. सिस्टर कात्र्या उकळत होत्या. मी ऑडिट म्हटलं. त्यांनी हात पुसले, कपाटातून रजिस्टर काढलं, सुटी झालेली पानं आत सारून त्याला पट्टीचं कापड गुंडाळलं आणि माझ्या हातात दिलं.

"मोरे," त्या म्हणाल्या. कंपनीच्या आत त्यांनी मला साहेब न म्हणता हाक मारली ती ही एकच वेळ. "चौथं प्रकरण याच्यावर उभं आहे. आठवड्यात मिळेल ना?"

"मिळेल," मी म्हणालो.

पुढचे चार-पाच सोमवार त्या विचारत राहिल्या. मी ऑडिटवर ढकलत राहिलो. मग त्यांनी विचारणं बंद केलं आणि ते मला जास्त जड गेलं. काही दिवस रजिस्टर वर्क्स मॅनेजरच्या कपाटावर दिसायचं, कापडात गुंडाळलेलं. एक दिवस दिसलं नाही. मी चौकशी केली नाही.

मूळ नोंदी नाहीत म्हणून सरांनी प्रबंध परत केला. मी पहिल्या वर्गात पास झालो, ज्युनिअर ऑफिसर झालो. सिस्टर एक वर्ष मागे राहिल्या. साप्ताहिक सुट्टीला पेठ रोडने एसटी धरून त्या गावोगाव फिरल्या, काम सोडून परतलेली माणसं शोधली, त्यांच्या ओट्यावर बसून पुन्हा पहिल्यापासून लिहून घेतलं. तोंडी परीक्षा सगळ्यांसमोर होती, म्हणून मीही गेलो, मागच्या बाकावर बसलो. बाहेरगावच्या परीक्षकांनी विचारलं, "मूळ रजिस्टर कुठे आहे?"

सिस्टर म्हणाल्या, "कंपनीकडे आहे."

"म्हणजे हरवलं?"

"नाही. हरवलेलं नाही. दिलेलं आहे."

त्या मागे वळल्या नाहीत. मी उभा राहून एक वाक्य बोलू शकलो असतो. मी बाकावरच्या कोरलेल्या अक्षरांकडे बघत बसलो. त्या दुसऱ्या वर्गात पास झाल्या. पुढे कंपनीने प्रथमोपचार खोलीच ठेक्याने देऊन टाकली आणि सिस्टर पेठकडे एका आरोग्य केंद्रावर निघून गेल्या.

काही वर्षांनी परदेशी गिऱ्हाइकाची माणसं तपासणीला आली आणि मागच्या रांगेला आठवड्यात जाळ्या बसल्या. यात सिस्टरांचा काही वाटा नव्हता, माझा तर नव्हताच. मला मात्र बढत्या मिळत गेल्या. खात्याचं नाव बदलून एचआर झालं, आणि कामाच्या जागी सर्वांना सामावून घेण्याबद्दल नव्या अधिकाऱ्यांना मी शिकवू लागलो. बोलता बोलता मध्येच मला वाटायचं की मागच्या बाकावर कोणीतरी पांढऱ्या साडीत बसलं आहे आणि लिहून घेत आहे. मी वाक्य अर्धवट सोडायचो. ऐकणाऱ्यांना वाटे, सर विचार करतायत.

सिस्टर गेल्याचं मला महिन्याने कळलं. कावीळ झाली होती. मी त्यांच्या गावी गेलो. डोंगराच्या उतारावर घर, पुढे नागलीचं वावर. धाकटा भाऊ ओसरीत होता. मी नाव सांगितलं आणि बसण्याआधी जे इतकी वर्षं कोणाला सांगितलं नव्हतं ते सांगून टाकलं. ऑडिट नव्हतं, मी खोटं बोललो, रजिस्टर मीच नेलं.

त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "आक्काला ठाव होतं. दिलं त्याच दिवशी."

"मग दिलं कशाला?"

"ती सांगायची, नाय दिलं असतं तर दुसऱ्या कोणी येऊन हिसकून नेलं असतं. मोरे निदान मागताना खाली बघत होते." त्याने मला बसायला घोंगडी सरकवली. "सांगायची, त्या माणसाला लाज हाय. लाज असलेला एक माणूस तिथं पायजेच."

त्याने आतून पाण्याचा तांब्या आणून माझ्यापुढे ठेवला.

"अजून तिथंच हायेत ना तुमी?" त्याने विचारलं.

"हो," मी म्हणालो.

"मग बरं," तो म्हणाला, आणि त्याला खरंच बरं वाटलेलं दिसलं.