पहिल्या हंड्याचा वास

आमच्या सांगलीच्या घरात नळ आला तो दुसऱ्या मोठ्या लढाईच्या दिवसांत, आणि नळापाठोपाठ चार महिन्यांनी मी सून म्हणून आले. लग्नासाठी रजेवर आलेले हे महिनाभरात पलटणीत परत गेले. घरात आत्याबाई आणि मामंजी, म्हणजे सासू-सासरे, बारा वर्षांची नणंद आणि मी. गोठ्यात एक म्हैस.

नळ हा मामंजींचा जीव की प्राण. ते पहिल्या लढाईत जाऊन आलेले, हवालदार म्हणून निवृत्त झालेले. आमच्या गल्लीत घरात नळ असलेलं घर आमचंच. पाहुणा आला की गूळ पुढे करायच्या आधी मामंजी म्हणायचे, "नळाचं पानी घ्या. हिरीचं न्हवं." तोटी ते स्वतः राखेनं घासत.

माझं माहेर म्हसवडच्या पलीकडचं. तिकडे उन्हाळ्यात नदीच्या वाळूत झरा खणायचा आणि वाटीवाटीनं पाणी काढून हंडा भरायचा. कुठल्या झऱ्याचं पाणी हे आम्हा पोरींना तोंडात घेताच कळायचं. सांगलीत आले तेव्हा तोटी फिरवली की धार पडते हे बघून मी पहिल्या दिवशी हंडा भरून वाहिला तरी बघतच राहिले होते.

नळाला पाणी उजाडताना यायचं आणि दोन-अडीच तासांत जायचं. सगळ्यांत आधी मी उठायची, त्यामुळे पहिला हंडा माझाच. पावसाळा सरता सरता एका सकाळी हंडा उचलताना मला वास आला. अगदी बारीक. धार हातात घेऊन हुंगली, तर काही नाही. हंड्यात तोंड घातलं, तर होता. दुसरा हंडा भरला, त्यात नव्हता. मला वाटलं, हंडाच नीट घासला गेला नसेल. दुसऱ्या दिवशी चिंच लावून घासला. तरी तेच. पहिल्या हंड्याला वास, मागच्यांना नाही.

मी आत्याबाईंना सांगितलं. त्यांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि हसल्या. मला तिसरा महिना होता.

"आगं, आसंच आस्तंय. मला तर भाकरीचा वास सोसत न्हवता."

"पण आत्याबाई, दुसऱ्या हंड्याला न्हाई येत."

"पोटुशी बाईचं नाक ते. त्याचं काय खरं."

त्यांनी धार हुंगून पाहिली, पण त्या उठून येईपर्यंत ती अर्धा तास वाहिलेली असायची. मामंजी तपकीर ओढायचे. त्यांना जळकी आमटीसुद्धा कळत नसे. खरं म्हणजे मलाही हळूहळू माझ्या नाकाची खात्री वाटेना. वास कशाचा, तेही सांगता येत नव्हतं. ओल्या गोणपाटाचा? गंजाचा?

पण पहिल्या धारेचं पाणी देवाला आणि पिण्याच्या माठाला, ही त्या घरची रीत होती. एका सकाळी मी पहिला हंडा गुपचूप मोरीत ओतला. आत्याबाईंनी नेमकं पाहिलं.

"पहिल्या धारंचं पानी मोरीत? तुमच्याकडं वाटीनं पानी भरत्यात म्हनं, आन् हितं हंडं वततीस? मस्ती आली व्हय गं?"

नणंद पाटी घेऊन शेजारीच बसली होती. तिच्यासमोर बोलणी खाल्ली म्हणून मला जास्त लागलं. त्यानंतर मी पहिला हंडा रोज माठात ओतला. नाक फिरवून ओतला, पण ओतला. स्वतः मात्र दुसऱ्या हंड्यातलं तांब्याभर काढून ठेवायची आणि तेच प्यायची. हे मी कुणाला कधी सांगितलं नाही. इथे पहिल्यांदा लिहिते आहे.

दिवाळीनंतर नणंदेला ताप आला. वैद्यांनी काढे दिले. आठव्या दिवशी ती बरळायला लागली तेव्हा मामंजींनी टांगा आणला आणि आम्ही मिरजेच्या दवाखान्यात गेलो. पोरीचं डोकं मांडीवर घेऊन मी बसले. डॉक्टर म्हातारे, शांत होते. मुदतीचा ताप, म्हणजे टायफॉइड, आहे म्हणाले. त्यावर औषध असं तेव्हा नव्हतंच. एकवीस दिवस वाट बघायची, ताक-पेज द्यायची, अंग पुसायचं.

"पाणी कुठलं पिता?" त्यांनी विचारलं.

मामंजी ताठ झाले. "नळाचं. घरातच नळ हाय आमच्या."

परक्या पुरुषासमोर मी तोवर कधी तोंड उघडलं नव्हतं. पदर ओढून, खाली बघत म्हणाले, "वास येतोय पाण्याला. पहिल्या हंड्याला."

"कसला वास?"

आणि इतके दिवस जो शब्द सापडत नव्हता तो तोंडातून आपोआप पडला. "गोठ्याचा."

दुसऱ्या दिवशी उजाडताना मी मोरीपाशी आले तर मामंजी आधीच उकिडवे बसले होते. पहिला हंडा त्यांनी स्वतः भरला, त्यात तोंड घालून बराच वेळ हुंगत राहिले. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "मला काय बी कळंना गं. तू सांग. हाय?"

"हाय, मामंजी."

त्याच दुपारी त्यांनी नळवाल्याला आणलं. नळवाल्यानं विचारलं, नळी कुठून टाकलीय? अंगणातली फरशी उखडायला नको म्हणून ती गोठ्याखालून नेलेली होती. म्हैस बाहेर बांधली, दगड काढले. खाली काळा राडा साचलेला आणि त्यात नळी बुडालेली. लढाईमुळे नवं लोखंड मिळत नव्हतं, म्हणून मोडीतली नळी आणून टाकलेली. तिला ज्वारीच्या दाण्याएवढं भोक पडलं होतं.

नळवाला म्हणाला, "पानी चालू आसतं तवा ह्यातनं भायेर गळतंय. पानी बंद झालं की नळी रिकामी हुती, आन् ह्योच राडा आत वडून घेती. सकाळी पहिल्या धारंला त्योच येतोय."

"म्या दावली हुती जागा," मामंजी म्हणाले. "नळीबी म्याच आनली." ते हे नळवाल्याला सांगत होते की आम्हाला, कळलं नाही. हातातली तपकिरीची डबी तशीच हातात राहिली.

नळी बदलली, अंगणातून घेतली. माठ फोडला. पाणी उकळून देऊ लागलो. पण आत पोरगी तशीच फणफणत होती, आणि आता कारण सापडून तिला काही उपयोग नव्हता. आम्ही तिघं आळीपाळीनं तिचं कपाळ पुसत होतो. एकवीस दिवस झाले, ताप उतरला नाही. चौथ्या आठवड्यात उतरला. केस पुंजक्यापुंजक्यांनी गेले. ती उठून बसली तेव्हा आत्याबाईंनी आनंदानं हाक मारली, तर तिनं मान वळवली नाही. पुन्हा हाक मारली. मग आम्हाला कळलं, तिला ऐकू येत नव्हतं.

मिरजेचे डॉक्टर म्हणाले, या तापानं असं होतं कधी कधी. पाण्यामुळेच ताप आला का, असं मामंजींनी विचारलं. डॉक्टर म्हणाले, गावात इतर घरीही ताप आहे, नक्की कसं सांगणार? डॉक्टरांनी 'नाही' म्हणावं, असं मामंजींना हवं होतं. डॉक्टर तसं म्हणाले नाहीत.

फाल्गुनात मला मुलगी झाली. नणंद तिला मांडीवर घेऊन बसायची आणि तिचं रडणं तोंडाकडे बघून ओळखायची. आमचं बोलणं पाटीवर चालायचं. मी चौथीपर्यंत शिकलेली, अक्षर गिचमीड. एकदा घरात दोघीच असताना मी पाटीवर लिहिलं, "तुला वास यायचा का पाण्याचा?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. फडक्यानं पाटी पुसली आणि लिहिलं, "यायचा. पण आई तुला बोलली म्हणून मी गप्प बसले."

मी ते कितीदा वाचलं कोण जाणे. पेन्सिल हातात धरून बसले. शेवटी तिनंच पाटी काढून घेतली, आणि बाळ जागं झालेलं दिसलं म्हणून उठून गेली.