वॉर्डातली पिवळी दोरी

चाकणच्या त्या लहानशा बालरुग्णालयात शिरलं की आधी पोरांचं रडणं ऐकू येई आणि त्याच्यावर चढलेला विजयश्री सिस्टरांचा आवाज. नाट्यगृहाच्या शेवटच्या रांगेत बसलेल्यालाही शब्द न् शब्द कळावा, असा खणखणीत. वॉर्ड त्यांच्या ताब्यात होता आणि नव्या नर्स घडवायचं कामही त्यांचंच.

पोरी हुशार यायच्या. सुई धरताना हात कापायचा नाही, पण तोंड उघडायचं नाही. मोठ्यांचं काही चुकताना दिसलं तरी गप्प. सिस्टर वैतागून म्हणत, "अगं, बाळाला बोलता येत नाही, आई घाबरलेली असते. मग बोलायचं कुणी? भिंतींनी?"

उत्तर सापडलं घरी, जेवताना. त्यांचे यजमान नवनाथ गाड्यांचे भाग जुळवणाऱ्या कंपनीत होते. ते सहज बोलून गेले, "आमच्याकडं कालच लागलेला पोरगासुद्धा चूक दिसली की दोरी ओढून सगळी लाईन थांबवतो. मॅनेजर पळत येतो, पण ओरडत नाही."

"न ओरडता? तुमचा तो मॅनेजर?"

"ओरडायला बंदीच आहे. घरी जाऊन ओरडत असेल बिचारा."

सिस्टरांचा घास हातातच राहिला. पुढच्या सुट्टीला नवनाथरावांनी वॉर्डाच्या भिंतीला एक पिवळी दोरी बसवली. ओढली की वरचा पिवळा दिवा लागणार. घंटा नको, पोरं दचकतील. नियम एकच. दिवा लागला की ज्याच्या हातात जे असेल ते तिथंच थांबायचं आणि ओढणारीला कुणी रागवायचं नाही.

डॉक्टर निरंजन हसले. "सिस्टर, हा वॉर्ड आहे, कारखाना नाही."

"कारखान्यातली गाडी दुरुस्तीला परत बोलावता येते, डॉक्टर. बाळाला कुठून बोलावणार?"

डॉक्टरांनी दोरीकडे पाहिलं. मग म्हणाले, "बरं. पण दिवाळीपर्यंत कुणी ओढली नाही, तर काढून टाकायची. भिंतीला शोभा म्हणून नको."

पावसाळा सरला, नवरात्र गेलं, दोरी लोंबत राहिली. दिवा लागला तो एकदाच. सगळे धावले, तर नातवाला घेऊन आलेल्या सोजराबाईंनी दोरीवर ओला लंगोट वाळत टाकलेला! पोरी आठवडाभर हसत होत्या. सिस्टर मात्र रात्री नवनाथरावांना म्हणाल्या, "काढा ती दोरी. माझ्या पोरी नाही बोलायच्या." "दिवाळीपर्यंत राहू दे की," ते म्हणाले.

सगळ्यांत गप्प होती स्वप्नाली. अंबाजोगाईकडची, नुकतीच शिकून आलेली. बोलली तर पुढच्याला कान जवळ न्यावा लागे. "तुझ्यासाठी विंगेत कुणी उभं करू का गं, वाक्यं सांगायला?" सिस्टर चिडवत. ती मान खाली घालून हसे.

दिवाळी तोंडावर आली. एका दुपारी शिफ्ट बदलायची वेळ होती आणि वॉर्ड गच्च भरलेला. शेजारशेजारच्या दोन खाटांवर दोन तान्ही बाळं. एक सोजराबाईंचा नातू, पुन्हा दाखल झालेला, न्यूमोनियानं धापणारा. दुसरी आलिया नावाच्या बाईची मुलगी, तिला झटके येत. दोघांना कानटोपरी, दोघं हनुवटीपर्यंत गुंडाळलेली. एसीची झुळूक नातवावर येतेय, त्याला वारं लागेल, म्हणून सोजराबाईंचा जीव खालीवर. आलियाची लेक उकाड्यानं कुरकुरत होती. दोघींनी संगनमत केलं आणि गुपचूप बाळं एकमेकांच्या खाटेवर निजवली. मग आलिया चहाला गेली, आजींचा डोळा लागला.

झटक्यांचं औषध भरलेली सिरिंज घेऊन खुद्द विजयश्री सिस्टर आल्या. औषध गुंगी आणणारं. धापणाऱ्या बाळाला ते गेलं असतं, तर उरलासुरला श्वासही मंदावला असता. औषधाआधी मनगटावरची नावाची पट्टी वाचायची, हे त्यांनीच पोरींकडून घोकून घेतलेलं. पण तिकडे फोन वाजत होता, इकडे एक आई हाका मारत होती. सिस्टरांनी खाटेचा नंबर पाहिला आणि सलाईनची नळी हातात घेतली.

पायथ्याशी उभ्या स्वप्नालीला सरकलेल्या दुपट्यातून दिसलं, बाळाच्या फासळ्या आत ओढल्या जाताहेत. हे झटक्यांचं बाळ नव्हे. तिनं तोंड उघडलं. आवाज फुटेना. समोर तिला शिकवणारी बाई!

ती धावली आणि तिनं दोरी ओढली.

पिवळा उजेड पडला. सिस्टरांचा हात थांबला, पण मान वळली नाही. "सोजराबाई, काढा बरं तो लंगोट!"

कोपऱ्यातून आजी दचकून उठल्या. "न्हाई बाई, आज म्या न्हाई टाकला!"

आता सिस्टर वळल्या. दोरी मुठीत घट्ट धरून स्वप्नाली उभी. "मॅडम, थांबा की... मनगट बघा त्याचं."

सिस्टरांनी दुपटं सारलं, पट्टी वाचली. सिरिंज ट्रेमध्ये ठेवली. दिवा पाहून डॉक्टर निरंजन दारातून आत आले. "काय झालं? कोण चुकलं?"

"मी," विजयश्री सिस्टर म्हणाल्या. नाटक संपल्यावर नट पुढे येऊन उभा राहतो, तशा ताठ. "पण ते काय विचारता? थांबवलं कुणी, ते विचारा!" आणि त्यांनी स्वतः टाळी वाजवली. डॉक्टरांनी वाजवली, पोरींनी वाजवली, चहा घेऊन परतलेल्या आलियानं पेला खाली ठेवून वाजवली. टाळ्यांनी जागी झालेली पोरं एकसुरात रडू लागली. असा गजर मोठमोठ्या नटांच्याही वाट्याला येत नाही.

मग आलियाच्या मुलीला औषध द्यायच्या आधी स्वप्नालीनं पट्टी मोठ्यानं वाचली. बाहेरच्या रिक्षावाल्यानं वळून पाहिलं म्हणतात.

दिवाळीत दोरीला झेंडूची माळ चढली. सोजराबाईंचा नातू दुधावर तुटून पडत घरी निघाला होता. जाताना आजी म्हणाल्या, "दोरी व्हय, लई गुणाची हाय. पर बायांनो, लंगोट वाळवायला दुसरी बांधा की."

नवनाथराव दुसरी दोरी बांधतच होते. ती राजगुरुनगरच्या दवाखान्यात जायची होती, आणि ती कशी ओढायची ते तिथल्या पोरींना शिकवायला स्वप्नाली.