पाढेबाईंची पट्टी

शाळेत सगळे त्यांना पाढेबाई म्हणत. तोंडावर नाही, पण त्यांना ते ठाऊक होतं. तीस वर्षं तिसरीच्या मुलांकडून त्यांनी पाढे घोटून घेतले होते. आधी वडिलांचं आजारपण, मग आईचं, यात लग्नाचं राहूनच गेलं. आई गेल्यावर दोन खोल्या आणि त्या, एवढंच उरलं.

चित्रकला-संगीताचे सर निवृत्त झाले, त्यांच्या जागी कुणी आलंच नाही. मुख्याध्यापिकांनी वेळापत्रक पुढे सरकवलं. "तिसरीचे हे दोन तास आता तुमच्या गळ्यात."

"अहो, गळ्यातच तर काही नाही माझ्या!"

"शिका की. आठ शनिवारांचं प्रशिक्षण आहे. तुमचं नाव कळवून टाकलंय मी."

प्रशिक्षणाला सगळ्या विशी-पंचविशीतल्या मुली. जेवणाच्या सुट्टीत त्या घोळक्याने पायऱ्यांवर बसत. पाढेबाई वर्गातच डबा उघडत आणि पाच मिनिटांत बंद करत.

पहिल्या दिवशी शिकवणाऱ्या मॅडम म्हणाल्या, "डोळे मिटा. जो आवाज ऐकू येईल, तो कागदावर काढा." बाहेर कुणीतरी खुर्च्या ओढत होतं. पाढेबाईंनी पर्समधून पट्टी काढून सरळ रेघा मारल्या, एकाखाली एक, समान अंतरावर. मॅडम मागे येऊन उभ्या राहिल्या, त्यांनी पट्टी उचलली आणि स्वतःच्या टेबलावर नेऊन ठेवली. पाढेबाईंची कानशिलं तापली. पुढचा अर्धा तास त्या अर्धवट कागदाकडे बघत बसल्या.

तिसऱ्या शनिवारी गाणं आलं. गोल करून उभं राहायचं, शेजारणीने दिलेला सूर धरायचा आणि पुढे द्यायचा. सूर फिरत फिरत पाढेबाईंपाशी आला आणि तिथेच थांबला. त्यांचे ओठ हलत होते, आवाज नव्हता.

हे त्यांना नवं नव्हतं. त्या स्वतः तिसरीत असताना शाळेच्या समूहगीतात मोठी बहीण पुढे उभी होती. तालमीत ती मागे वळून म्हणाली, "तू नुसते ओठ हलव गं, सगळं बिघडतंय." तेव्हापासून पाढेबाई ओठच हलवत आल्या होत्या. शाळेच्या प्रार्थनेत, लग्नांत, वाढदिवसांना. कुणाच्या कधी लक्षातही आलं नाही.

मॅडमच्या मात्र आलं. वर्ग सुटल्यावर त्यांनी पाढेबाईंना थांबवून घेतलं आणि कीबोर्डवर एकेक सूर खाली खाली वाजवत गेल्या. "इथे? नको. इथे? अजून खाली या." एका जागी पाढेबाईंच्या घशातून आवाज निघाला, जाड, भरदार, स्वतःलाच दचकवणारा.

"ही तुमची पट्टी," मॅडम म्हणाल्या. "खर्जातला आवाज आहे. तुम्हाला उंच गायला लावलं कुणी?"

"तुम्ही माझी एक पट्टी काढून घेतली होती," पाढेबाई म्हणाल्या, "तिच्या बदल्यात ही का?" दोघी हसल्या. मग मॅडमच्या बसची वेळ झाली.

घरी जाऊन त्यांनी चपलाही न काढता बहिणीला फोन लावला. सगळं भडाभडा सांगितलं.

"मी असं म्हणाले होते?" बहीण म्हणाली. "काय बाई तुझी एकेक! मला तर आठवतही नाही. बरं ऐक, माझ्या गुडघ्याचं काय झालं..."

पाढेबाईंनी गुडघ्याचं सगळं ऐकून घेतलं. फोन ठेवल्यावर त्यांनी चपला काढल्या. चव्वेचाळीस वर्षं आपण जे उराशी धरून बसलो, ते दुसऱ्या कुणाच्या खिजगणतीतही नव्हतं.

सोमवारी संगीताच्या तासाला त्यांनी गाणं सुरू केलं. मुलं एकदम सरळ होऊन बसली. पहिल्या बाकावरच्या मुलीने विचारलं, "बाई, तुम्ही रागावलात का?"

"नाही गं. माझा आवाजच असा आहे."

"मग आम्ही पण खालून म्हणू?"

"तुमच्या आवाजात म्हणा. मी आहे खाली."

मुलं आपल्या चिरक्या, मोकळ्या आवाजात गाऊ लागली आणि पाढेबाई त्यांच्याखालून, सतरंजीसारख्या. एकजण सारखा बेसूर होत होता. त्याला त्यांनी गप्प केलं नाही. जवळ घेऊन त्याचा सूर शोधत बसल्या, त्यात पाढ्यांचा तासही गेला.

पुढच्या वर्षी चित्रकला-संगीताचे नवे शिक्षक आले. तरुण, गोड गळ्याचे. पाढेबाईंनी नोकरीत पहिल्यांदाच काही मागितलं: गाणं त्यांच्याकडे जाऊ दे, पण शुक्रवारचा चित्रकलेचा शेवटचा तास आपल्याकडे राहू द्यावा. मुख्याध्यापिकांनी खांदे उडवून हो म्हटलं.

शुक्रवारी घंटा होते, मुलं रंगलेल्या हातांनी धावत सुटतात. ब्रश धुवायला शिपाईमामा आहेत, पण पाढेबाई ते स्वतःच धुतात. एकेक ब्रश, नळाखाली, पाणी स्वच्छ येईपर्यंत. शिपाईमामा दारात किल्ल्या घेऊन उभे राहतात. "राहू द्या हो बाई, घरी वाट बघत असतील."

"आलेच," पाढेबाई म्हणतात, आणि पुढचा ब्रश उचलतात.