केरबाचा मुआयना

केरबा फौजेतून नायकाच्या हुद्द्यावर निवृत्त होऊन परतला, तेव्हा मी शाळेत होतो. त्यानं मला आमच्या कुंडल गावच्या विहिरीत पोहायला शिकवलं. पुढं सांगलीला बी.ए. होऊन मी नोकरीविना घरी आलो आणि आमची दोस्ती बरोबरीची झाली. पासष्टच्या लढाईत त्याच्या मांडीला गोळी लागली होती. भीती हा शब्द त्याच्या तोंडून मी ऐकला नव्हता.

चौऱ्याहत्तरच्या भादव्यात अकरा दिवस झड लागली. त्याच्या घराची मागची भिंत खचली. कच्च्या विटांची होती. वरपासून कमरेपर्यंत भेग गेली. त्या भिंतीलाच लागून त्याच्या बायकोची, बनुबाईची बाज. खुब्याचं हाड मोडल्यापासून तिला उठता येत नव्हतं. उरलेल्या घरात चूल, कणगी आणि म्हैस; बाज हलवायला जागा नव्हती. शेजाऱ्यांनी बोलावलं, तर म्हणाली, "दुसऱ्याच्या दारात मी न्हाई पडायची."

खचलेल्या घरांच्या दुरुस्तीला सरकार मदत देत होतं. अर्ज मी लिहिला. साहेब पाहणीला येणार असा कागद आला. केरबानं तो वाचला, "मुआयना," एवढंच म्हणाला आणि कामाला लागला.

मी दोन दिवस साताऱ्याला मुलाखतीला गेलो होतो. परतलो तर अंगणात चुन्याचा वास. दाराशी दगडांची सरळ रांग, तेही पांढरे. आत भेग दिसेना. मातीत भुसा कालवून त्यानं ती लिंपली होती, वर चुना. पलटणीत मुआयना म्हणजे हेच: साहेब तपासायला यायच्या आत सगळं चकचकीत.

"तात्या, हे काय केलंत?" मी केरबाला विचारलं.

"साहेब यायचाय गड्या. त्याला घाण दाखवायची व्हय?"

तेवढ्यात साहेब सायकलवरून उतरले. केरबा छातीवर पदक लावून सावधानमध्ये उभा राहिला. साहेबांनी दारातूनच आत पाहिलं.

"घर तर छान आहे. काही तक्रार?"

"तक्रार नहीं, साब."

फौजेतल्या पंधरा वर्षांची सवय बोलली. साहेबांनी कागदावर 'दुरुस्तीची गरज नाही' असं लिहिलं आणि सायकल वळवली.

बाजेवरून बनुबाई म्हणाली, "आवं, सलामी देऊन झाली? आता मला ह्या भिताडाखाली गाडा, आन वरनं चुना मारा."

केरबाचा चेहरा राखेसारखा झाला.

"सायबाम्होरं तक्रार कवा सांगितलीच न्हाई मी," तो हळू म्हणाला.

"मी जातो साहेबांमागं," मी म्हणालो.

"थांब. अर्ज माझा हाय."

तो लंगडत धावला.

साहेबांना भेग दिसावी म्हणून मी ती खुरप्यानं उकरायला लागलो. पापुद्रा सुटला. आतून माती गळायला लागली. मी हात मागे घेतला, तरी गळतच राहिली. वर कुठंतरी लाकूड कुरकुरलं.

बनुबाई माझ्याकडं बघत होती. "लय बुकं वाचलीस म्हणं. मग हितं काय लिवलंय, सांग की."

पळावंसं वाटलं. हे मी लपवत नाही.

लांबून केरबाचा आवाज आला. फाटलेला. "साहेब, तक्रार हाय."

साहेब आत आले. त्यांनी भेगेत हात घातला. तो मनगटापर्यंत गेला.

"आधी बाईंना बाहेर काढा."

तिघांनी बाज उचलली. बाज अंगणात टेकवून केरबा पुन्हा आत गेला, दावं कापून म्हैस घेऊन आला. त्याच्या पाठोपाठ आवाज झाला. मोठा नाही. पोतं टाकल्यासारखा. दारातून धूळ बाहेर आली.

बाज उचलतानाही खुरपं माझ्या मुठीतच राहिलं होतं. भिंत त्यानं पडली का, हे मी आजही स्वतःला विचारतो.

साहेबांनी कागदावरची ओळ खोडली. "पडलेल्या घराचा अर्ज वेगळा असतो," ते म्हणाले. "इथंच लिहून घेतो."

केरबा पांढऱ्या दगडांच्या रांगेशी उभा होता. टाचा अजून जुळलेल्या.

"आता इचारा त्यास्नी," बनुबाई बाजेवरून साहेबांना म्हणाली, "तक्रार हाय का म्हणून."

कुणी हसलं नाही. केरबानं साहेबांकडं पाहिलं.

"हाय," तो म्हणाला. "लय हाय."