नलूआजीने न गायलेली चीज

नलूआजी कधी गुणगुणत नसे. पोळ्या लाटताना नाही, केस विंचरताना नाही. शास्त्रीय गाणारी बाई आणि घरात सूर नाही, याचं पाहुण्यांना नवल वाटे. ती म्हणे, "गायचं तर बसून गावं, नाही तर गप्प राहावं. सूर म्हणजे काय फुटाणे आहेत, येता-जाता तोंडात टाकायला?" तुम्ही तिला टोरांटोत, तिच्या म्हातारपणीच पाहिलंत. म्हणून आधीचं सांगते.

ती तुमच्या आजोबांची धाकटी बहीण. मी बी.ए. होऊन औरंगाबादच्या या घरात सून म्हणून आले, तेव्हा ती बेगमपुऱ्यात एका खाँसाहेबांकडे शिकत होती. पोलिस ॲक्शन होऊन, निजामाचं राज्य जाऊन थोडीच वर्षं झाली होती. खाँसाहेबांना पोसणारे जहागीरदार बुडाले होते, त्यांचे मुलगे कराचीला निघून गेले होते आणि ते मुलीपाशी राहत होते. आमच्या घरातली तरुण मुलगी तिकडे जाते, यावर गल्लीत कुजबुज होई. शेजारच्या काकूंनी माझ्या सासऱ्यांना तोंडावर विचारलं, "वकीलसाहेब, दुसरा मास्तर नाय का मिळाला?"

सासरे म्हणाले, "गाणं जिथं आहे तिथं जावं लागतं, काकू. भाजी थोडीच आहे, दारावर यायला!"

खाँसाहेबांनी नलूला गंडा बांधला होता. म्हणजे मनगटाला दोरा बांधून, गूळ-चणे भरवून रीतसर शिष्या करून घेतलं होतं. त्यांच्या घराण्याची एक खास चीज, म्हणजे बंदिश होती, खट नावाच्या सकाळच्या अवघड रागातली. मुलगे गेल्यावर ती त्यांनी नलूला दिली आणि बजावलं, "मैं बोले तलक किसी के सामने नक्को गाना." नलूने मान डोलावली. पुढे तिचं लग्न झालं, नवऱ्याला कॅनडात नोकरी लागली, आणि तिथल्या पहिल्याच हिवाळ्यात खाँसाहेब गेल्याचं पत्र तिला मिळालं. गाण्याची परवानगी द्यायची राहूनच गेली.

तिकडे तिने नाव कमावलं, पण ते कसं, हे तुम्हाला कोणी सांगितलं नसेल. तळघरातल्या खोलीत हीटरच्या कोरड्या हवेने तंबोऱ्याचा भोपळा तडकू नये, म्हणून ती शेजारी ओला टॉवेल टांगून ठेवी. मैफली शाळांच्या हॉलमध्ये, शनिवारी संध्याकाळी. विलंबित ख्याल रंगात यावा आणि मागच्या दारातून समोशांचा वास यावा. कोणीतरी हमखास म्हणे, "ताई, आता एखादं भजन होऊन जाऊ दे." ती भजनही गाई. शिष्य खूप झाले, त्यांना तिने पुष्कळ दिलं. खटातली ती चीज मात्र कोणाला दिली नाही, टेपवरही घेऊ दिली नाही. मी एकदा चिडून म्हटलं, "वन्सं, तुमच्याबरोबर संपेल ती." ती म्हणाली, "मग संपेल. मला सांगितलेलं नाही."

मग तिच्या गळ्यातल्या गाठीचं ऑपरेशन झालं. बोलता येऊ लागलं, पण आवाज घसरला, वरचे सूर गेले. तेव्हा ती घाबरली. त्याच वर्षी ती इथे आली आणि मला म्हणाली, "वहिनी, चल. आपांना विचारू. त्या घरातलं तेवढंच माणूस उरलंय."

आपा म्हणजे खाँसाहेबांची मुलगी. पाठीत वाकल्या होत्या, पण नलूला त्यांनी पाहताक्षणी ओळखलं. नलूने ओट्याच्या कडेला बसून, हात जोडून परवानगी मागितली. आपा आधी बघतच राहिल्या, मग हसू लागल्या.

"अरी पगली, अब्बा तो सबकू येइच बोलते थे! कच्चा गला लेके बाजार में नक्को घूमना, इत्ताइच मतलब था. पक गया तो गाना. तू अब तलक बैठी थी?"

नलू पाणी मागून प्याली. मग डोळे मिटून तिने ती चीज सुरू केली. खरखरत्या आवाजात पहिली ओळ झाली, आणि एका ठिकाणी, कोमल धैवत झुलवत झुलवत खाली आणायचा होता तिथे, गळा अडला. ती पुन्हा मागे गेली. पुन्हा तिथेच अडली. आपांचं हसू केव्हाच थांबलं होतं. त्या म्हणाल्या, "हौ, यहींच अब्बा रुलाते थे." पण तो सूर लावून दाखवणं त्यांच्या आवाक्यातलं नव्हतं. त्या घरात बायका गात नसत.

परतताना रिक्षात नलू एवढंच म्हणाली, "तुझा गळा पिकला, असं मला कुणी सांगितलंच नाही गं, वहिनी."

कॅनडात परतल्यावर तिने ती चीज रिमाला शिकवायला घेतली. रिमा तुमच्या ओळखीचीच, तिची सगळ्यात तयार शिष्या. दर रविवारी नलूचा फोन येई. "पोरगी सुरेल आहे, पण तो धैवत येत नाही. माझ्याच्याने दाखवता येत नाही, सांगून कळत नाही. हाताने हवेत काढून दाखवते, तर ती भलतंच काहीतरी गाते." काही महिन्यांनी एका रविवारी ती दमलेल्या आवाजात म्हणाली, "तिला सांगितलं, तिथे थांब. ठेका चालू दे, तू थांब. खोटं काही भरू नकोस." त्यानंतर तिचे फार फोन आले नाहीत.

तिच्या स्मृतीच्या मैफलीचा तुम्ही पाठवलेला व्हिडिओ मी पाहिला. खाली तुम्ही लिहिलंत की रिमाने मध्येच घेतलेला तो विराम तुम्हाला सगळ्यात आवडला. लोकांनीही तिथेच टाळ्या वाजवल्या. म्हणून हे सगळं लिहायला बसले. बाळांनो, तिथे एक सूर होता.

परवा रिमाचाही फोन आला. विचारत होती, "आजी, मी बरोबर थांबले ना?"

मी म्हटलं, "हो गं. तिने सांगितलं होतं, तिथेच."