हुबेहूब चिन्ह

"चिन्हाला हात लावायचा न्हाय," असं समोरच्या पोराला सांगून तो माऊस बाजूला सरकवायचा. कुणाला टी-शर्टावर ट्रॅक्टर कंपनीच्या चिन्हाभोवती ज्वाळा हव्या असत, कुणाला त्यावर मुकुट. तो म्हणे, "कंपनीचं हाय ते. खाली तुझं नाव टाकू, लई मोठं टाकू. पण ते वाकडं करायचं न्हाय."

कळंबला माझ्या शिलाईच्या दुकानाला लागून त्याचं दुकान होतं. ट्रॅक्टरवेडी माणसं तुम्हीही पाहिली असतील. पण याच्यासारखं नसेल पाहिलं. पूर्वी तो त्याच कंपनीचा ट्रॅक्टर चालवायचा, दुसऱ्याचा. ज्वारीच्या मळणीत डावा हात कोपरापासून गेला. "चूक माझी. बाही सैल व्हती," एवढंच सांगायचा आणि पुन्हा ट्रॅक्टरचे गुण गायचा. मग तो कॉम्प्युटर शिकला आणि उरलेल्या हातानं टी-शर्टांची डिझाइनं करू लागला. त्याच्या शर्टावर चिन्हाखालून नांगराच्या रेघा निघायच्या त्या थेट पाठीपर्यंत जायच्या. शिवणीवर एखादी रेघ जुळली नाही, तर तो शर्ट घेऊन माझ्याकडं यायचा. चेहरा असा, की जणू घरात कुणी आजारी आहे.

एकदा शोरूमला नवा ट्रॅक्टर यायचा होता. पुण्याहून कंपनीचे साहेब आले. तालुक्यातली पोरं त्याचेच शर्ट घालून गेली, तोही गेला. साहेबांनी त्याच्या खांद्यावर हात टाकून फोटो काढला, दुकान कुठं ते विचारलं.

"काम देत्याल वाटतं," परत आल्यावर तो मला म्हणाला. "पत्ता बी लिहून घेतला." त्या आठवड्यात त्यानं दुकानाला रंग दिला.

साहेब खरंच आले. सोबत पोलीस होते, आणि तो फोटो आता विनापरवाना चिन्ह छापल्याचा पुरावा होता. शर्टांचे गठ्ठे, कॉम्प्युटर, छपाईचं मशीन, सगळं जीपमध्ये गेलं. तो दारात उभा होता.

"साहेब, चिन्हात काय चुकलं का? म्या एक रेघ हलवली न्हाय."

"हुबेहूब आहे," साहेब म्हणाले. "म्हणूनच केस पक्की आहे." मग त्याच्या अंगातल्या शर्टाकडं बोट दाखवून म्हणाले, "हाही घ्या."

घरी त्याची बायको त्याला शर्ट काढू लागायची. इथं तो एकट्यानं काढायला गेला आणि शर्ट डोक्यात अडकला. तुटका हात हवेत, दुसरा चाचपडतोय. रस्त्यावर त्याचीच गिऱ्हाइकं उभी होती. आपापले शर्ट त्यांनी आधीच लपवले होते, आणि मोबाइल वर धरले होते. शेवटी मीच पुढं होऊन शर्ट ओढला. आतून तो म्हणत होता, "हळू. फाटंल."

तो व्हिडिओ पोरांच्या ग्रुपवर हसायचा आवाज टाकून फिरला. पुढं केस मागं घेतो म्हणून साहेबांनी शोरूममध्ये, त्याच पोरांसमोर, त्याच्याकडून माफीनामा वाचून घेतला. 'कंपनीच्या नावाला धक्का लावला' हे वाक्य पुन्हा वाचायला लावलं, आवाज नीट आला नाही म्हणून. मशीन मात्र परत आलं नाही.

आता तो येडशीकडं जाणाऱ्या रस्त्यावर एका गोदामाच्या राखणीला बसतो. मागच्या सुगीत मी तिथं गेलो होतो, तेवढ्यात त्याच कंपनीचा एक कोरा ट्रॅक्टर आला. वर दोन पोरं, त्याच्या दुकानात बसून त्याचा चहा प्यालेली. तो उठला, ट्रॅक्टर बघायला पुढं आला.

"काका, जरा सरका," एक जण मोबाइल लावत म्हणाला. "रीलमधी येताव तुमी."

"व्हय, व्हय," तो म्हणाला, आणि खुर्ची उचलून भिंतीमागं गेला.