वहीत नसलेला रकाना

माझी नोकरी आकड्यांची आहे. जिल्ह्याजिल्ह्यांतून आलेले तक्ते तपासायचे, बेरीज जुळत नसेल तर परत पाठवायचे. अठ्ठावीस वर्षं तेच करतो आहे. त्यामुळे दादांना, म्हणजे माझ्या मोठ्या भावाला, दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा त्यांच्या इंजेक्शनची जबाबदारी माझ्याकडे आली. ती कोणी मला दिली नाही, मीच घेतली.

दादा माझ्यापेक्षा चौदा वर्षांनी मोठे. नारायणगुड्याच्या एका शाळेत त्यांनी गणित शिकवलं. लग्न केलं नाही. वडील लवकर गेले आणि मला दादांनीच वाढवलं. निवृत्त झाल्यापासून ते तारनाक्याला आमच्याकडे राहतात. वय अडुसष्ट. गेल्या वर्षी उन्हाळ्यात त्यांच्या पोटातली जळजळ आणि उलट्या इतक्या वाढल्या की पाणीही टिकेना. दवाखान्यात तीन दिवस सलाईन लावलं आणि आम्ल कमी करणारं इंजेक्शन शिरेतून दिलं. चौथ्या दिवशी घरी सोडताना चिठ्ठीवर तीन ओळी होत्या. हेच इंजेक्शन रोज एकदा, जास्तीत जास्त पाच दिवस. तोंडाने घेता येऊ लागलं की गोळी. दोन आठवड्यांच्या आत एंडोस्कोपी.

आमच्या वरच्या मजल्यावर एक निवृत्त नर्स राहतात. तेलुगू घरच्या. आम्ही सगळे त्यांना अक्का म्हणतो आणि त्या आमच्याशी दख्खनीत बोलतात. त्या सुई द्यायला आल्या आणि पहिल्याच दिवशी त्यांनी मला समोर बसवलं.

"देखो भाईसाब, ये पावडर है. दस एमएल सलाईन, पूरा. कम नै, ज्यास्ती नै. घुलने के बाद उजाले में देखना, कचरा दिखा तो फेंक देना. इस में दूसरी कोई दवा नक्को मिलाओ. और दो मिनट से पहले खतम नै करती मैं, किसी ने जल्दी करो बोला तो भी."

मला हे बोलणं फार आवडलं. त्याच दिवशी मी एक दोनशे पानी वही आखली. तारीख, बाटलीवरचा बॅच नंबर, मुदत, औषध विरघळवल्याची वेळ, रंग, सुई सुरू, सुई बंद, आधीची नाडी, नंतरची नाडी, अंगावर खाज किंवा पुरळ, श्वास. अकरा रकाने. अक्का औषध सोडायच्या आणि मी घड्याळ धरून बसायचो. दादा उशीवरून बघायचे.

"मास्तर मी होतो," ते म्हणाले, "आणि परीक्षा हा घेतोय."

"बोलू नका दादा, नाडी मोजतोय."

"चुकली तर शंभरदा लिहून आणशील ना?"

तिसऱ्या दिवशी जळजळ थांबली. पाचव्या दिवशी दादांनी वरण-भात खाल्ला आणि वर ताक मागितलं. आठ दिवस गोळी घेतली. दोन आठवडे उलटले. एंडोस्कोपीचं मी विचारलं तेव्हा दादा म्हणाले, "बरा झालो की रे. बऱ्या माणसाच्या घशात नळी कशाला?" मलाही ते पटलं. वहीतली नाडी स्थिर होती, पुरळ नव्हतं, उलटी नव्हती. सगळे आकडे जुळत होते.

दीड महिन्याने जळजळ परत आली. खरं तर गोळीही चालली असती, कारण उलट्या नव्हत्या, जेवणही थोडंफार जात होतं. पण आमच्या घरात दोघांचंही मत पक्कं झालं होतं की खरं औषध सुईतलं, गोळी आपली नावाला. जुन्याच चिठ्ठीवर कोपऱ्यावरच्या दुकानदाराने पाच बाटल्या दिल्या. अक्कांनी कुरकुरत पाच दिवस सुई दिली. परत आराम पडला.

याच सुमाराला माझी बायको एकदा म्हणाली, "अहो, भाऊजींचा पट्टा बघितलात का? मोच्याकडून दोन भोकं पाडून आणलीत मी."

"तिखट-तेलकट बंद केलंय ना त्यांचं. उतरणारच थोडं."

"थोडं? सदरा खुंटीला टांगल्यासारखा दिसतोय अंगावर."

मी तिला वही दाखवली. तिने ती उघडलीसुद्धा नाही.

पावसाळ्याच्या शेवटी तिसऱ्यांदा त्रास सुरू झाला. अक्का आल्या, दादांजवळ बसल्या, त्यांच्या पापण्या खाली ओढून बघितल्या आणि सुईचा डबा उघडलाच नाही.

"सर, मुँह से खा रहे ना आप? फिर सुई कायको? चिठ्ठी पे पाँच दिन लिखा है, ये तीसरी बार है. और वो नली डलाए क्या?"

"नली नक्को अक्का," दादा म्हणाले, "मैं क्या बोअरवेल हूँ?"

आम्ही हसलो. अक्का हसल्या नाहीत. "मैं नै देती," एवढं बोलून त्या उठल्या. जिन्यापर्यंत मी मागे गेलो तर मला म्हणाल्या, "आप घड़ी देखते, भाईसाब. आदमी को भी देखो जरा."

मला राग आला. एवढी काटेकोर नोंद ठेवणाऱ्या माणसाला असं बोलायचं? दुसऱ्या दिवशी मी दादांना रिक्षात घालून सुलतान बाजारातल्या एका छोट्या दवाखान्यात घेऊन गेलो. तिथल्या कंपाउंडरने आधी नाही म्हटलं, चिठ्ठी जुनी आहे म्हणाला. मग मी वही पुढे केली. त्याने पानं चाळली. "सर, इत्ता तो हमारे यहाँ भी नै लिखते," तो म्हणाला आणि त्याने सुई भरली. सलाईन दहा एमएल, वेळ दोन मिनिटं दहा सेकंद. मी खूश होऊन घरी आलो. तो आनंद मला अजून नीट आठवतो, आणि या सगळ्यात आठवायला सगळ्यात वाईट तोच आहे. सोळा दिवस आम्ही तिथे जात होतो.

दिवाळीच्या दोन दिवस आधी दादा न्हाणीघरात चक्कर येऊन पडले. शौचाला डांबरासारखी काळी झाली होती. पुन्हा उन्हाळ्यातल्या त्याच दवाखान्यात, त्याच डॉक्टरांकडे. या वेळी नळी घालायची का हे कोणी कोणाला विचारलं नाही. तपासणीसाठी नळीतून काढलेल्या तुकड्याचा रिपोर्ट आठवड्याने आला. जठराचा कॅन्सर, आणि यकृतातही गेलेला.

डॉक्टरांनी माझी वही पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचली. ते रागावतील असं मला वाटलं होतं, पण ते रागावले नाहीत. त्यांनी मला समजावून सांगितलं. इंजेक्शन देण्यात कुठेही चूक नाही, असं ते म्हणाले. औषध बरोबर विरघळवलं, बरोबर वेळात दिलं, काही मिसळलं नाही. पण हे औषध आम्ल कमी करतं, बाकी काही करत नाही. आम्ल कमी झालं की कॅन्सरची जळजळही थांबते, वरची जखम भरल्यासारखीसुद्धा दिसते, आणि आत तो वाढत राहतो. म्हणून या वयात त्रास परत आला की आधी आत बघायचं असतं. म्हणूनच तर पाच दिवस लिहिले होते. मग त्यांनी विचारलं, "यात वजन कुठे आहे?"

वजन नव्हतं. अकरा रकान्यांत दादांची तब्येत सांगणारा तो एक रकाना मी आखलाच नव्हता. दवाखान्याच्या पहिल्या कागदावर त्यांचं वजन एकसष्ट किलो होतं. त्या दिवशी काट्यावर अठ्ठेचाळीस भरलं.

ऑपरेशनचा उपयोग नाही असं तीन डॉक्टरांनी सांगितलं. केमोच्या दोन खेपा झाल्या. तिसरी दादांना सोसली नसती म्हणून थांबवली. आता अक्का रोज सकाळी येतात. सुई नाकारली त्या दिवसाबद्दल त्या एक शब्दही बोलत नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

मागच्या रविवारी दादांनी मला खुर्ची जवळ ओढायला सांगितली.

"एक विचारतो. खरं सांग. उन्हाळ्यातच नळी घातली असती तर?"

मला खोटं बोलता आलं असतं. पण मी हाच प्रश्न डॉक्टरांना विचारला होता, आणि दादांना चुकीचं उत्तर मी आयुष्यात कधी जाणूनबुजून दिलेलं नाही.

"कदाचित ऑपरेशन करता आलं असतं, दादा. नक्की नाही म्हणाले. कदाचित."

"नळी नको मीच म्हटलं होतं," ते म्हणाले. "तू ते स्वतःवर घेऊ नकोस."

हे खरं आहे. पण चिठ्ठी हातात देताना, एंडोस्कोपीला त्यांना घेऊन या असं डॉक्टरांनी मला सांगितलं होतं, दादांना नाही. हे मी त्यांना सांगितलं नाही. बायकोने ज्वारीच्या कण्यांची पातळ पेज आणली. दादांनी माझ्याकडे बघत, मला बरं वाटावं म्हणून, चार चमचे घेतले. दहा मिनिटांत ते सगळं बाहेर आलं. मी भांडं धरलं, त्यांचं तोंड पुसलं. त्यांनी डोळे मिटून घेतले आणि म्हणाले, "आता कोणी काही खायला आणू नका."